तुळजापूर घाट की रामलिंग? परतीच्या पक्ष्यांसाठी घाटरस्ता कसा लावायचा

जुळे_सोलापूर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. होळी ते हनुमान जयंती या दिवसांत परतीच्या वाटेवरचे पक्षी घाटरस्त्यावर बघायचे आहेत. सोलापुरातून पहाटे निघून दुपारपर्यंत परत. दोघं जण, एक दुचाकी, दोघांकडे ८×४२ ची दुर्बीण, कॅमेरा एकच. नान्नजच्या माळावर अडत नाही. चंडोल, तीरचिमण्या, भोवत्या बऱ्यापैकी ओळखता येतात. अडतं ते झाडीत. पानांच्या आड हलणारे हिरवट-मातकट वटवटे (वॉर्बलर) सगळे एकसारखेच दिसतात.

तुळजापूरचा घाट बरा की पुढे येडशीच्या रामलिंगपर्यंत जावं? घाटात नेमकं कुठे आणि कोणत्या वेळी थांबावं? आणि हे वटवटे वेगळे करायची खात्रीची रीत कोणती? हिप्परगा तलाव वाटेवरच आहे, तो आधी करावा की येताना?

---

बालाघाट_पायवाट यांचं उत्तर:

आधी जागा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे चढ दोनेकशे मीटरचाच. पण एप्रिलमध्ये खालचं रान करपलेलं असताना बालाघाटच्या घड्यांतल्या ओढ्यांत ओल टिकून असते. तिथे पालवी, पालवीवर किडे आणि किड्यांमागे वटवटे. घाट बघायचा तो या ओलीसाठी.

दोन्ही जागांचा स्वभाव वेगळा आहे. तुळजापूर घाट ४५ किलोमीटरवर, उघडा, खडकाळ. शिकारी पक्षी, पाकोळ्या, खडकावरचे पक्षी तिथे बघा. रामलिंगला खरी झाडी आहे, पानगळीची का असेना. येडशी सोलापूरपासून साधारण ८५ किलोमीटर, धाराशिव ओलांडून. अभयारण्य १९९७ चं, क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. तुमची अडचण वटवट्यांची, तर रामलिंगच धरा. जटायूची समाधी तिथेच मानतात, तेव्हा पक्ष्यांच्या नावाने निघालेल्याने तिकडे जावंच. मंदिरापर्यंतचा रस्ता भाविकांच्या वापरातला आहे; तो सोडून आत शिरायचं असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता थांबायचं कुठे. पूर्ण घाट गाडीवरून दोनदा पालथा घालायचा आणि "काही दिसलं नाही" म्हणायचं, ही नेहमीची चूक. घाटाची वळणं दोन जातींची असतात. एक बाहेरचं, जिथे रस्ता डोंगराच्या नाकाडाला वळसा घालतो. दुसरं आतलं, जिथे रस्ता डोंगराच्या पोटात शिरून ओढा ओलांडतो आणि खाली मोरी असते. लहान पक्षी आतल्या वळणाला. तिथे ओल, सावली आणि झाडं तर असतातच. शिवाय डोंगराचं पोट मधे आल्याने चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हणाऱ्या ट्रकचा आवाज अडतो. वटवट्याची हाक बारीक आणि उंच स्वराची असते. बाहेरच्या वळणावर ती ऐकूच येत नाही, आणि हाक ऐकू आली नाही तर अर्धी ओळख हातची गेली.

बाहेरच्या वळणाला ऊन तापल्यावर जायचं. साडेनऊनंतर कड्याला धडकून वारा वर चढतो आणि त्यावर शिकारी पक्षी तरंगतात. कठड्यापाशी उभं राहिलं की खरूची (केस्ट्रेल) तुमच्या खालून जाते. पाठीची वीटकरी झाक आणि त्यावरचे काळे ठिपके सपाट माळावरून असे कधी दिसत नाहीत.

वेळ अशी लावा. आपल्याकडे २० मार्चला सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, १५ एप्रिलला सहा दहाला, एप्रिलअखेर सहाला. पण आतल्या वळणात ऊन उतरायला आणखी पाऊण तास तरी लागतो, आणि तोवर तिथले किडे गारठलेले असतात. म्हणून उजाडताना आधी ज्या उतारावर पहिलं ऊन पडतं तिथे उभं राहायचं. ऊन मोरीपाशी पोहोचलं की आत यायचं आणि सव्वा तास एकाच जागी थांबायचं. पहिली दहा मिनिटं काही हलणार नाही, तेव्हा निघून जाऊ नका. वटवटे, सुभग, शिंपी, चष्मेवाला असा मिश्र थवा झाडं चाळत फिरतो आणि तासाभरात त्याच ओढ्याला पुन्हा येतो.

उभं राहायचं ते सूर्याकडे पाठ करून, रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला. झाडाचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात. पक्ष्याची पाठ, पंखावरचे पट्टे, भुवई सगळं समोर. जमिनीवरून मान वर करून पाहिलं तर फक्त पांढुरकं पोट दिसतं आणि त्यावरून कुठलाच वटवट्या ओळखता येत नाही. घाटरस्त्याचा खरा फायदा हाच आहे.

---

पालवी_आणि_पट्टा यांचं उत्तर:

वटवट्यांबद्दल लिहितो. वर म्हटलंय तसं उंचीवरून बघा आणि क्रम बदला. बहुतेक जण आधी रंग बघतात. रंग शेवटी. आधी पक्षी कुठे आहे ते, मग हाक, मग पंखावरचा पट्टा, मग भुवई, मग पाय आणि चोच. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात प्रत्येक वटवट्या हिरवा दिसतो.

शेंड्याच्या पालवीत, करंज, वड, पिंपळ अशा गर्द झाडांवर असेल तर बहुधा ग्रीनिश वॉर्बलर. पंखावर एकच बारीक फिका पट्टा, भुवई लांब, खालची चोच फिकट नारिंगी. हाक दोन तुकड्यांची, "ची-वी". पट्टे दोन, त्यातला खालचा ठसठशीत, आणि पंख मिटल्यावर पाठीलगतच्या पिसांना फिक्या कडा दिसल्या तर ह्यूम्स लीफ वॉर्बलर. तो आकारानेही लहान आणि जास्त चुळबुळ्या. मात्र एप्रिलमध्ये सावध राहा. पिसं झिजलेली किंवा अर्धवट बदललेली असली तर ग्रीनिशचा पट्टा दिसतच नाही आणि दोन पट्टेवाल्याचा एकच उरतो. त्या दिवसांत हाक ऐकल्याशिवाय नाव लिहू नका.

तुमच्यासाठी सर्वांत सोपा आणि घाटातच भेटणारा म्हणजे सल्फर-बेलीड वॉर्बलर. हा पानांत कमी, खडकांवर जास्त. ओढ्याच्या काळ्या दगडांवर, झाडाच्या बुंध्यावर, कधी कठड्याच्या सांध्यांतसुद्धा उंदरासारखा सरपटत किडे टिपतो. दुर्बिणीत आला की भुवईकडे बघा. चोचीपाशी ती गडद पिवळी, जवळजवळ केशरी असते आणि मागे जाताना फिकी पडते. पोट मळकट पिवळं, पंखावर पट्टा अजिबात नाही. हाक मऊ, "चप्". थेंब पडल्यासारखी. मोरीच्या दगडी भिंतीवर तो उभा चढताना एकदा नीट बघितला की पुन्हा चुकत नाही.

खालच्या झुडपांत, घाणेरीच्या जाळीत, बांबूच्या बुडाशी असेल, पट्टा नाही, अंग एकसुरी मातकट, चोच लांब आणि हाक कोरडी "टक्", तर ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. नावात रीड म्हणजे बोरू असला तरी पाण्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, आपल्याकडे तो झुडपातच राहतो. बाभळीवर राखी डोकं, पांढराशुभ्र गळा आणि जीभ टाळ्याला लावल्यासारखी "टेक्, टेक्" म्हणजे शुभ्रकंठी (लेसर व्हाइटथ्रोट). तो लवकर जातो, पाडव्यानंतर विरळ होतो. त्याच बाभळीवर त्याहून बराच मोठा, जड हालचालीचा, काळसर डोक्याचा आणि नर असेल तर फिक्या डोळ्याचा दिसला तर ऑर्फियन वॉर्बलर.

बूटेड आणि साइक्स या दोन वॉर्बलरांच्या वादात सुरुवातीला पडू नका. साइक्सची चोच थोडी लांब, रंग थोडा फिका, हे "थोडं" शेजारी दुसरा पक्षी नसताना मोजता येत नाही. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, "बूटेड/साइक्स" अशी जोड नोंद करता येते. तीच करा. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा खरी ढोबळ नोंद कामाची.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. ते फक्त कान टवकारायला वापरा. घाटात एका वेळी पावशा, कोकीळ आणि शिंपी ओरडत असतात; त्या गोंगाटात ॲप एखादं भलतंच नाव दाखवतं. पडद्यावर नाव आलं म्हणजे पक्षी दिसला असं नाही.

---

हिप्परगा_काठ यांचं उत्तर:

हिप्परगा आधी नको. सकाळची तिरपी किरणं पाण्यावरून डोळ्यांत येतात आणि घाटातली चांगली वेळ वाया जाते. येताना करा, साडेअकरा वाजले तरी पाणपक्षी उघड्यावरच असतात. तापलेल्या चिखलावर हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्यात पडल्यासारखा दिसतो, म्हणून दुपारी फक्त जवळचा काठ बघा.

आणि हा काठ याच दिवसांत बघायचा. पिवळ्या धोब्यांच्या उपजाती हिवाळ्यात वेगळ्या करता येत नाहीत. मार्चअखेर नरांची डोकी रंगतात: कुणाचं राखी, कुणाचं काळं, कुणाच्या निळसर डोक्यावर पांढरी भुवई. सिट्रीन धोब्याचं पूर्ण डोकं लिंबासारखं पिवळं होतं. एका थव्यातली दहा डोकी सावकाश बघा. हाच तलाव एकरुख म्हणून कागदोपत्री आहे, १८७१ चा. पाणी उतरत जातं तसा चिखलाचा पट्टा रुंदावतो आणि तुतवाऱ्यांची गर्दी वाढते.

वेळापत्रकाचं सांगतो, कारण "मार्च-एप्रिल" हे फार ढोबळ झालं. होळीच्या सुमारास पळस आणि काटेसावर फुललेली असतात. तेव्हा भोरड्यांचे थवे फुलांवर तुटून पडतात. काळी शेंडी, काळं डोकं, अंग गुलाबी. कपाळावर परागांची पूड माखलेली, त्यामुळे क्षणभर वेगळाच पक्षी वाटतो. त्यांचा मोठा जमाव एप्रिलच्या मध्यापर्यंत वायव्येकडे, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे निघून जातो. याच सुमारास रब्बी ज्वारीची काढणी आणि मळणी चालू असते. घाटाला जाताना रस्त्याकडेच्या खळ्यांवर आणि कडब्याच्या गंजींवर भारीट बघा. काळ्या डोक्याच्या नराच्या डोक्यावरच्या पिसांच्या मातकट कडा हिवाळाभर झिजतात आणि मार्चमध्ये खालचा काळा रंग उघडा पडतो. लाल डोक्याचा भारीटही त्याच थव्यात सापडतो. माद्या वेगळ्या करण्यात वेळ घालवू नका.

पाडव्याच्या आसपास कडुनिंब मोहरतो. त्या आठवड्यात आणि पुढच्या दोन आठवड्यांत तुमचे वटवटे. लाल छातीचा माशीमार, थरथऱ्या आणि निळा कस्तूर याच काळात एकेक करून दिसेनासे होतात. झाडावरची तीरचिमणी, म्हणजे ट्री पिपिट, झाडाखालच्या पाचोळ्यात चालते आणि दचकली की उडून दूर न जाता वर फांदीवर जाऊन बसते. माळावरच्या तीरचिमण्या तुम्ही ओळखता, त्या असं करत नाहीत.

ओढ्याच्या सावलीत स्वर्गीय नर्तकाकडे लक्ष ठेवा. ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश सह्याद्रीतून हिमालयाकडे परतताना दख्खनवरून जातो, तोही अशाच सावलीत शोधायचा: निळं डोकं, नारिंगी पोट, पंखावर पांढरा चौकोन. अगदी स्तब्ध बसतो, म्हणून हालचालीवर विसंबू नका. आडव्या फांद्या एकेक करून दुर्बिणीने चाळा.

नवरंगासाठी एप्रिलमध्ये येऊन उपयोग नाही. तो आणि चातक मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर.

---

जुळे_सोलापूर:

फारच नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दोन शंका आहेत. रविवार धरला तर चालेल ना? आणि आदल्या संध्याकाळी वळीव झाला तर बेत रद्द करावा का?

---

बालाघाट_पायवाट:

वळीव झाला तर उलट नक्की जा. हे लहान पक्षी रात्री उडतात. वादळ आडवं आलं की जिथे असतील तिथे खाली उतरतात आणि सकाळी भुकेले असतात. अशा सकाळी ओढ्याच्या एकाच झाडावर एरवी आठवडाभरात दिसतील तेवढे भेटू शकतात. फक्त घाटात दरडीचे सुटे दगड आणि डांबरावर आलेली ओली माती असते, दुचाकी सांभाळून.

रविवार मात्र शक्यतो टाळा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे गर्दीचे दिवस. चैत्री पौर्णिमेला तर येडशीच्या पुढे येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते, त्यामुळे हा अख्खा महामार्ग चार-पाच दिवस भरून वाहतो. तुमची हनुमान जयंती म्हणजे तीच पौर्णिमा! त्या आठवड्यात घाट सोडा आणि नान्नज किंवा हिप्परगा करा. बुधवार, गुरुवार किंवा शनिवार जमवा. रामलिंग करायचं तर आदल्या रात्री तुळजापूरला भक्तनिवासात मुक्काम केलेला बरा. ८५ किलोमीटर अंधारात दुचाकीने, पहाटे चारच्या ट्रकांमधून, कुठल्याही पक्ष्यासाठी करू नये.

---

साइडपट्टी यांचं उत्तर:

रस्त्याविषयी कुणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. घाटात पक्षी बघणाऱ्याला खरा धोका असतो तो मागून येणाऱ्या गाडीचा.

महामार्ग चौपदरी झाल्यापासून उतारावर गाड्या वेगात असतात आणि वळणाच्या आत उभी दुचाकी त्यांना शेवटच्या क्षणी दिसते. वळणाच्या तोंडाशी गाडी लावू नका. धाब्यावर किंवा मंदिराच्या पार्किंगमध्ये ठेवा आणि चालत या, अर्धा किलोमीटर का असेना. चालताना समोरून गाड्या येतील अशा बाजूने. दुर्बीण डोळ्यांना लावलेली असताना पाऊल टाकायचं नाही. ती खाली घ्यायची, मग हलायचं. दोघं आहात, तर एकाने बघावं आणि दुसऱ्याने रस्ता बघावा, दहा-दहा मिनिटांनी पाळी बदलावी. अंगावर रात्री चमकणारं जाकीट असू द्या. त्याने पक्षी बुजतात असा समज आहे, पण घाटातले पक्षी दिवसभर रंगीत ट्रक बघतात; बुजतात ते अचानक हात वर केल्याने. कठड्यावर बसायचं नाही. जुन्या कठड्यांचे दगड सुटलेले असतात.

पाणी माणशी तीन लिटर. मार्चअखेर दहा वाजताच डोकं तापतं आणि सावली फक्त आतल्या वळणाला. रामलिंगला माकडं पिशवीवर झडप घालतात, खाण्याचं काही हातात किंवा हँडलला लटकवू नका. डिकीत बंद करा.

आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, ही विनंती. परतीचा पक्षी पुढच्या शेकडो किलोमीटरसाठी अंगात चरबी साठवत असतो. नकली आवाजामागे धावण्यात त्याची सकाळ जाते, आणि इथल्या रहिवासी पक्ष्यांची तर तेव्हा वीण चालू असते.

नोंदीचं एक. ईबर्डवर पूर्ण घाटाची एकच यादी करू नका. आतल्या वळणाची वेगळी, बाहेरच्याची वेगळी. ३० मीटरच्या आतच फिरलात तर ती "स्थिर" यादी, मिनिटांसकट. दिसलेले सगळे पक्षी लिहा, कावळा आणि साळुंकीसुद्धा, तरच ती पूर्ण यादी धरली जाते. दर आठवड्याला त्याच मोरीवर तेवढाच सव्वा तास उभं राहून केलेल्या चार याद्या जवळ असल्या की ग्रीनिश कोणत्या आठवड्यात वाढला आणि शुभ्रकंठी कधी संपला, हे त्यातूनच वाचता येतं.

---

पालवी_आणि_पट्टा:

साइडपट्टीताईंच्या मुद्द्याला जोडून कॅमेऱ्याचं. एकच आहे, तर तो रस्ता न बघणाऱ्याच्या गळ्यात. वटवट्याचा सुंदर फोटो मिळणार नाही. ओळखीसाठी तीन मिळाले तरी पुरे: एक बाजूने पंख मिटलेला, एक चोचीचा खालचा भाग दिसेल असा, एक पायांचा. शटर १/१००० च्या खाली नको, सावलीत आयएसओ वाढला तर वाढू द्या. आणि प्रत्येक फोटोआधी मोबाइलवर अर्धा मिनिट हाक ध्वनिमुद्रित करा, वाऱ्याकडे पाठ करून, फोन छातीशी धरून. शंका उरली तर इथे टाका. फोटो धूसर असला तरी चालेल, हाक स्पष्ट हवी.